दुसरे पान वाचले की पहिले बदलते

हा छोटा उतारा जरा वाचून पाहा.

‘आधी ती स्वच्छ पुसून घ्यावी. उंच हवी, पण एकट्याला पेलवेल एवढीच. वरचे टोक झाकण्यापूर्वी जे बांधायचे ते सगळे बांधून घ्यावे. गोड आणि कडू, दोन्ही हाताशी असू द्यावे. गाठ सैल राहिली तर दुपारच्या वाऱ्यात फजिती होते. दिवस मावळायच्या आत सगळे उतरवायचे. मग प्रत्येक वस्तू आपापल्या ठिकाणी परत जाते. एक स्वयंपाकघरात, एक कपाटात, एक माळ्यावर. जे गोड होते ते मात्र परत कुठेच जात नाही.’

यात अवघड शब्द आहे का? एकही नाही. वाक्ये लांबलचक आहेत का? तीही नाहीत. तिसरीतले मूल हा उतारा घडाघडा वाचून दाखवील. तरीही तुम्ही मनात चाचपडत होतात, हो ना? काय पुसायचे, कशाला झाकायचे, कडू कशासाठी?

आता एकच शब्द सांगतो : गुढी. पुन्हा वाचा. काठी पुसली गेली, तिला खण आणि कडुलिंब बांधला गेला, टोकावर तांब्या पालथा बसला. संध्याकाळी तांब्या स्वयंपाकघरात, खण कपाटात, काठी माळ्यावर. आणि साखरेची गाठी मुलांच्या तोंडात!

उताऱ्यातली एक वेलांटीसुद्धा बदललेली नाही. मग बदलले काय? अक्षरे कागदावर होती, डोळे तुमच्याजवळ होते, मराठी तर तुमची मायबोली. तरी अर्थ आला तो तिसरीकडूनच. तुम्ही पूर्वी पाहिलेल्या, ऐकलेल्या, वाचलेल्या गोष्टींतून.

ही नुसती गंमत नाही. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली नेमके हेच मोजले. त्यांचा उतारा कपडे धुण्याविषयी होता, पण ‘कपडे’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. काही जणांना विषय आधी सांगितला, काहींना सांगितलाच नाही, आणि काहींना उतारा ऐकून झाल्यावर सांगितला. आधी विषय कळलेल्यांना उतारा समजला आणि कितीतरी जास्त लक्षातही राहिला. हे अपेक्षितच होते. थक्क करणारी गोष्ट तिसऱ्या गटाची. ज्यांना विषय नंतर कळला, त्यांची अवस्था विषय न कळलेल्यांसारखीच राहिली! किल्ली हातात आली, पण तोवर उघडण्यासारखे काही उरलेच नव्हते. ऐकताना जे जोडले गेले नाही, ते मनात टिकलेच नव्हते.

आणि आपण वर्गात काय करतो? धडा आधी वाचून घेतो, पार्श्वभूमी शेवटी सांगतो.

मनात नेमके काय टिकते, याचा माग याच ब्रॅन्सफर्ड यांनी त्याच वर्षी दुसऱ्या सहकाऱ्यांबरोबर काढला. लोकांना एक वाक्य दिले : तीन कासवे एका तरंगत्या ओंडक्यावर बसली होती आणि त्यांच्या खालून एक मासा पोहत गेला. नंतर विचारले, त्यात ‘ओंडक्याच्या खालून मासा गेला’ असे होते का? लोक खात्रीने म्हणाले, हो, हेच होते. प्रत्यक्षात ते वाक्य त्यांना दिलेलेच नव्हते. पण कासवे ओंडक्यावर आहेत आणि मासा कासवांच्या खालून गेला, तर तो ओंडक्याच्या खालूनही जाणारच! लोकांनी शब्द जपून ठेवलेच नव्हते. त्यांनी डोळ्यांपुढे एक देखावा उभा केला, तो जपला आणि शब्द सोडून दिले.

वाचनाचा अभ्यास करणारे वॉल्टर किंट्श यांच्या सिद्धान्ताचा गाभा हाच आहे. वाचणारा माणूस मजकुरातून एका प्रसंगाचे चित्र मनात उभारतो. त्या चित्राचे निम्मे सामान मजकूर पुरवतो, उरलेले वाचणाऱ्याला स्वतःच्या साठ्यातून आणावे लागते. कारण कुठलाही लेखक सगळे लिहीत नाही. ‘पाऊस लांबला, तसा आबांनी सोनाराचा रस्ता धरला’ हे वाक्य घ्या. पाऊस आणि सोनार यांच्यामध्ये पेरणी आहे, बियाणे आहे, पैशाची अडचण आहे, घरातले दागिने आहेत, मोडण्याची नाहीतर गहाण टाकण्याची वेळ आहे. यातले एक अक्षर तरी वाक्यात आहे का? पण ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी आबा उगाचच सोनाराकडे निघाले आहेत.

साठा वेगळा असेल तर चित्रही वेगळे. १९७९ साली मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी दोन पत्रे तयार केली. एकात अमेरिकन लग्नाचे वर्णन, दुसऱ्यात भारतीय लग्नाचे. दोन्ही पत्रे अमेरिकन वाचकांनी वाचली आणि अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांनीही वाचली. जो तो आपल्याकडच्या लग्नाचे पत्र भराभर वाचून गेला आणि त्यातले जास्त आठवून सांगू शकला. पण खरी मजा चुकांत होती. अमेरिकन नवरीने आजीचा लग्नातला झगा घातला होता. तिकडे हा मोठ्या मानाचा आणि मायेचा प्रकार. भारतीय वाचकाच्या आठवणीत तो झगा जुनापुराणा आणि फॅशन गेलेला होऊन बसला! उलट भारतीय पत्रातल्या हुंड्या-मानपानाच्या ताणातून अमेरिकन वाचकांना साधी भेटवस्तूंची देवघेव दिसली. दोघांनाही वाचता येत होते, दोघेही हुशार होते. दोघांनीही मधली रिकामी जागा आपापल्या घरच्या सामानाने भरली.

आणखी नऊ वर्षांनी डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची म्हणून गणलेली, पण बेसबॉल जाणणारी मुले त्या वर्णनात कोणाच्या पुढे गेली? वाचनात हुशार, पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या. क्रिकेटचे ‘धावते वर्णन’ डोक्यात मुरलेला मुलगा आणि मराठीत पहिला येणारा, पण मैदानाकडे न फिरकणारा मुलगा यांची कल्पना करा, म्हणजे लक्षात येईल. ‘हा वाचनात कच्चा’ हा शिक्का आपण किती पटकन मारतो! कच्चा कशाच्या वाचनात, हे विचारतच नाही.

इथवर येऊन कुणी शिक्षक निराश होईल. समजायला आधी माहिती हवी आणि माहिती मिळवायला वाचलेले समजायला हवे. ज्या घरात पुस्तके आहेत, प्रवास आहे, गप्पा आहेत, त्या घरातले मूल पुढे जाणार आणि बाकीची मागे राहणार. मग शाळेने करायचे काय?

सुटका आहे आणि ती विलक्षण सोपी आहे. एका मजकुराला लागणारा साठा दुसरा मजकूर देऊ शकतो.

जिना सर्वेटी, टॅनया राइट आणि हेजिन ह्वांग यांचा २०१६ सालचा अभ्यास आहे. चौथीच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाने वाचले ते सगळे मजकूर पक्ष्यांविषयीचे. दुसऱ्या गटाने वाचले ते वेगवेगळ्या विषयांवरचे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असे. नंतर दोघांनाही पक्ष्यांवरचा एक नवा मजकूर दिला. पक्षीवाल्या गटाला तो जास्त चांगला आठवला. त्यांना पक्ष्यांविषयी अधिक माहिती होती आणि त्या विषयाचे शब्दही जास्त येत होते. हे ऐकून ‘त्यात काय नवल?’ असे वाटेल. नवल हे, की आपल्या शाळांत वाचनाचा सराव नेमका दुसऱ्या गटासारखा चालतो. सोमवारी देवमाशावरचा उतारा, मंगळवारी मधमाशीवरचा, बुधवारी एका शास्त्रज्ञाचे चरित्र, गुरुवारी अजिंठा. प्रत्येक उताऱ्याखाली पाच प्रश्न. प्रश्न सुटले की तो उतारा संपला, त्याची पुन्हा कोणालाच गरज नाही. जे कालच्या वाचनातून साठले, ते आज उपयोगी पडण्याची सोयच नाही. मला ही उधळपट्टी वाटते.

शब्दांचे काय होते ते तर आणखी अद्भुत आहे. टॉमस लँडाउअर आणि सुसान डुमे यांनी १९९७ साली संगणकाला मुलांसाठीच्या एका विश्वकोशातले तीस हजारांहून जास्त लेख ‘वाचायला’ दिले. संगणकाला व्याकरण शिकवले नाही, शब्दकोश दिला नाही. कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो एवढेच त्याने नोंदवायचे होते. मग त्याला टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले समानार्थी शब्दांचे ८० प्रश्न घातले. त्याला सुमारे ६४ टक्के गुण पडले. अमेरिकन महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्या, इंग्रजी मायबोली नसलेल्या विद्यार्थ्यांना सरासरी जवळपास तेवढेच पडत होते!

पण त्यांच्या हिशेबातली सर्वांत चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. एक परिच्छेद वाचला की शब्दज्ञानात जी भर पडते, तिच्यातली सुमारे तीन चतुर्थांश भर त्या परिच्छेदात न आलेल्या शब्दांच्या खात्यात जमा होते. न आलेल्या! हे कसे शक्य आहे? लग्न होऊन घरात नवी सून आली की काय होते ते आठवा. ती आली आणि कोणी दीर झाले, कोणी नणंद झाली, कोणी जाऊ झाली. परदेशात असलेला, लग्नाला येऊ न शकलेला चुलतभाऊसुद्धा बसल्या जागी चुलत दीर होऊन गेला. एक माणूस आले आणि न आलेल्यांचीही नाती बदलली. शब्दांचे तसेच आहे. ‘तारण’ हा शब्द आज नीट कळला की ‘गहाण’, ‘जामीन’, ‘जप्ती’, ‘लिलाव’ यांचे अर्थही आपापल्या जागी थोडे घट्ट बसतात, भले ते आज कुठे दिसले नसतील. मात्र त्यासाठी हे शब्द एकमेकांच्या शेजारी कधीतरी यायला हवेत. एकाच विषयाभोवतीचे तीन-चार मजकूर वाचले की ते येतातच.

आता दुसरा चमत्कार. मजकूर एकमेकांना पूरक असतात तेव्हा साठा वाढतो हे ठीक. पण ते एकमेकांशी भांडतात तेव्हा?

फ्रान्स आणि अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २०१२ साली वाचकांना छोट्या बातम्या दिल्या आणि वाचताना त्यांचे डोळे कुठे जातात ते टिपले. बातमीत दोन माणसे एकाच घटनेविषयी बोलतात. दोघांचे म्हणणे जुळते तेव्हा डोळे सरळ पुढे जातात. एक म्हणतो असे झाले आणि दुसरा म्हणतो तसे झाले, तेव्हा वाचकाचे लक्ष ‘कोण म्हणाले’ या शब्दांवर जास्त रेंगाळते आणि नंतर ती नावेही त्याला जास्त आठवतात. असे कर म्हणून त्याला कोणी सांगितलेले नसते. विरोध दिसला की मन आपसूक वक्त्याकडे वळते. एकटा मजकूर वाचताना लेखक अदृश्य असतो. जणू पुस्तकच बोलत असते. दुसरा मजकूर शेजारी आला की दोन्हींच्या मागे माणसे दिसू लागतात.

हे काम सराईतपणे करणारी माणसे म्हणजे इतिहासकार. सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली आठ इतिहासकार आणि शाळेच्या शेवटच्या वर्गातली आठ हुशार मुले निवडली. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैनिक आणि अमेरिकन वसाहतवाले यांच्यात चकमक झाली. पहिली गोळी कोणी झाडली यावर आजही वाद आहे. त्या दिवसाविषयीचे कागद दोन्ही गटांना दिले. त्यात सैनिकाची रोजनिशी होती, शपथेवर दिलेल्या जबान्या होत्या, पाठ्यपुस्तकातला उतारा होता, कादंबरीतलाही होता. वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचे, एवढीच अट.

मुले पहिल्या शब्दापासून सुरू करून शेवटच्या शब्दापर्यंत जात. इतिहासकार कागद हातात घेताच आधी तळाशी पाहत. कोणी लिहिले? कधी लिहिले? घटनेनंतर किती दिवसांनी? मग मजकूर. दुसरा कागद वाचताना पहिल्याकडे परत जात, ‘हा तर म्हणत होता की...’ असे पुटपुटत. आणि विश्वास कशावर ठेवावा? मुलांनी सर्वाधिक भरवसा पाठ्यपुस्तकावर ठेवला. इतिहासकारांच्या यादीत पाठ्यपुस्तक पार खाली होते. यात आणखी एक गंमत. आठांतले काही इतिहासकार अमेरिकेच्या इतिहासाचे अभ्यासकच नव्हते. या विषयाची साधी माहिती विचारणाऱ्या चाचणीत काही मुले एखाद्या इतिहासकाराच्याही पुढे होती. म्हणजे फरक माहितीचा नव्हता. एक कागद दुसऱ्यापुढे धरून दोघांना बोलते करण्याची ती सवय होती. ती सवय शिकवता येते.

मराठी वर्गात ती कशी शिकवता येईल? आपल्या घरचाच एक प्रसंग, दख्खनचे दंगे, घेऊ या, कारण त्याचे कागद भरपूर आहेत आणि तो शाळकरी मुलांना खिळवून ठेवतो. नववीचा वर्ग आहे असे समजा.

पहिला मजकूर चार ओळींचा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासचे शेतकरी जमले, त्यांनी सावकारांवर हल्ला केला, कर्जाची खतपत्रे आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, तीसहून अधिक गावांत दंगे झाले. मुले वाचतात, समजले म्हणतात. प्रश्नांची उत्तरेही देतील : केव्हा? कुठे? कोणी? पैकीच्या पैकी गुण.

आता एक साधा प्रश्न टाका. कागदच का? धान्य लुटायचे, तिजोरी फोडायची, ते सोडून वह्या का जाळल्या? सरकारी चौकशीतही हेच नोंदले गेले की दंगेखोरांना खते हवी होती आणि जिथे ती मुकाट्याने हवाली झाली तिथे बहुधा पुढे काही घडले नाही. वर्ग गप्प होतो. पहिल्या मजकुरात याचे उत्तर नाही.

म्हणून दुसरा मजकूर. १८५९ सालचा मुदतीचा कायदा. कर्जाचे खत तीन वर्षेच चालेल असे सरकारने ठरवले. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षे साचत राहू नये. मुले म्हणतील, मग शेतकऱ्याचे भलेच झाले की!

इथे तिसरा मजकूर काढायचा, आणि तो इतिहासाच्या नव्हे तर गणिताच्या पुस्तकातून. चक्रवाढ व्याजाचा धडा. सावकाराने केले एवढेच, की तीन वर्षे भरत आली की जुन्या खताऐवजी नवे खत लिहून घ्यायचे आणि साचलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून मांडायचे. फळ्यावर उदाहरण मांडू. समजा १०० रुपये कर्ज, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांचे सरळव्याज ७२ रुपये. नवे खत १७२ रुपयांचे. आणखी तीन वर्षांनी २९५ रुपये ८४ पैसे. नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपये. खत न बदलता सरळव्याज चालले असते तर नऊ वर्षांनी देणे ३१६ रुपये झाले असते. मधले १९३ रुपये आले कुठून? कायद्यातून! शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या, तीन वर्षांच्या मुदतीतून!

हा हिशेब फळ्यावर पुरा होतो तेव्हा पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत गलका व्हायलाच हवा. आता पहिल्या चार ओळी पुन्हा वाचायला सांगा. ‘खतपत्रे जाळली’ हे दोन शब्द आता तेच राहिले आहेत का? मघाशी तो रागाच्या भरात केलेला जाळपोळीचा प्रकार होता. आता त्यात एक कठोर तर्क दिसतो. कर्ज शेतात नाही, तिजोरीत नाही, ते त्या कागदात आहे. आणि तो कागद निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हता.

चौथा मजकूर अर्जाचा. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात मिरजगाव आहे. तिथल्या रयतेने कलेक्टरकडे गाऱ्हाणे मांडले. कापड आणि धान्य रोखीने घेणाऱ्यांपेक्षा आम्हाला पंचवीस ते पन्नास टक्के जास्त भावाने घ्यावे लागते, शेतातला माल सावकार नेतात, खात्यात जमा धरू म्हणतात आणि धरत नाहीत, पावती देत नाहीत. आधी कायदा होता, मग आकडे होते. आता माणसांचा आवाज ऐकू आला. याच्या शेजारी जुन्या रिवाजाची एक ओळ ठेवा. दामदुपटीचा. व्याज मुद्दलाहून जास्त होऊ नये, हा समाजमान्य नियम होता. आणि दंग्यांच्या चौकशीत आढळलेले एक प्रकरण पाहा : १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज. दामदुपटीची मर्यादा कुठे आणि हे कुठे!

पाचवा मजकूर समुद्रापलीकडचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस तोवर अमेरिकेतून येत असे. तो आटला, आणि मँचेस्टरची नजर मुंबईकडे वळली. भाव चढले, दख्खनमध्ये कर्ज मागाल तेवढे मिळू लागले. १८६५ साली युद्ध थांबले, कापसाचे भाव उतरले, सावकारांनी हात आखडता घेतला. त्याच सुमारास नव्या जमाबंदीत सारा मात्र वाढला, कित्येक ठिकाणी पन्नास ते शंभर टक्के. मुलांना नकाशा काढू द्या. अब्राहम लिंकनच्या देशातले युद्ध, लँकेशायरचे माग, मुंबईचा शेअरबाजार आणि सुप्याची बाजारपेठ एका रेषेवर येतात. मुंबईचे कापूस-व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये, तेजीच्या ऐन भरात, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसाठी देणगी दिली. तो मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्याच वर्षी दख्खनच्या दंग्यांचा चौकशी अहवाल ब्रिटिश संसदेपुढे गेला.

तो अहवाल हा सहावा मजकूर. आता मुलांनी आधी तळाशी पाहायचे. कोणी लिहिला? सरकारने नेमलेल्या आयोगाने. कोणासाठी? सरकारसाठी. निष्कर्ष काय? दंग्यांचे कारण सरकारी सारा नव्हे, दोष सावकारांचा. आता महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पुरे केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधली चार-दोन पाने शेजारी ठेवा. फुले सावकाराला सोडत नाहीत, पण सारा वाढवणारे सरकार आणि त्याचे कामगार यांनाही सोडत नाहीत. शेतकरी तोच, जिल्हे तेच, दोन उत्तरे. कोणाचे खरे? चर्चा पेटेल आणि पेटू द्यावी. आयोगाचे काहीच खरे नाही असेही नाही. त्याच अहवालामुळे आपल्याला सावकाराच्या वह्यांतले आकडे कळतात. एकाच कागदावर एका बाबतीत विश्वास ठेवायचा आणि दुसऱ्या बाबतीत सावध राहायचे, ही समज किती प्रौढांना असते?

या गोष्टीतला शेवटचा नवलाचा भाग मला सर्वांत आवडतो. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा झाला. त्यात न्यायाधीशांना काय सांगितले होते? समोर आलेल्या खताच्या शब्दांवर थांबू नका. त्याच्या मागे जा, व्यवहार मुळात कसा सुरू झाला, किती दिले, किती फेडले, त्याचा इतिहास पाहा. एकच कागद वाचून निवाडा करू नये, हे खुद्द सरकारला कायद्यात लिहावे लागले!

वर्गासाठी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. सहा मजकूर एकदम वाटायचे नाहीत. दोनही पुष्कळ होतात, मात्र दुसरा वाचल्यावर पहिल्याकडे परत जायला हवे. सगळा फायदा त्या परतण्यात आहे. अवघड मजकुराच्या आधी त्याच विषयावरचा सोपा द्यावा. चित्र, नकाशा, आजीची आठवण, वर्तमानपत्रातले कात्रण, हे सगळे मजकूरच. आणि दुवा शिक्षकाने सांगून टाकायचा नाही. व्याजाचे गणित फळ्यावर मांडा आणि गप्प बसा. ‘म्हणून जाळले!’ हे वाक्य एखाद्या मुलीच्या तोंडून यायला हवे. यायला दहा मिनिटे लागली तर लागू द्यावीत. ‘यांचे कुठे जुळते, कुठे जुळत नाही, आणि जे पहिल्यात नव्हते ते दुसऱ्याने काय सांगितले?’ एवढे प्रश्न बारमाही चालतात. धाकट्या वर्गांसाठी सुगरणीच्या खोप्यावरचा माहितीचा परिच्छेद, त्याच पक्ष्यावरची कविता आणि शाळेजवळच्या बाभळीवरचा खरा खोपा यांनीही हेच काम होते.

साहित्य शोधायला लांब जायला नको. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते, मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो, पुणे जिल्ह्याचे १८८५ सालचे गॅझेटिअर तसेच उपलब्ध आहे. दख्खनच्या दंग्यांच्या मूळ कागदांचे उतारे एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात छापलेले आहेत. गणिताचे पुस्तक तर दप्तरातच असते. इतिहासाच्या आणि गणिताच्या सर-बाईंनी एक तास एकत्र बसून आपापल्या धड्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर अशा निदान चार-पाच जोड्या सहज निघतील. शाळा कुठलीही असो, हा एक तास या सत्रात काढाच, आणि सुरुवात सुपे आणि चक्रवाढ व्याज या जोडीपासून करा.